तिच्या कोनाड्यावर पडलेला उजेड

अमरावतीच्या जुन्या परकोटाला, म्हणजे गावाभोवतीच्या तटाला, दरवाजे आहेत. त्यातल्या एका दरवाज्याजवळ माझ्या बायकोनं सारी उमर फुलं विकली. कोणता दरवाजा ते सांगत नाही. सांगितलं तर कोणी पाहायला येईल, मला बोलायला लावेल, आणि मला आता फार बोलणं जमत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिता येतं, तेवढं लिहून ठेवतो.

आम्ही माळी. गावाबाहेर थोडा झेंडू, थोडी शेवंती लावायचो, बाकीचा माल सकाळी बाजारातून उचलायचो. माल आणायचं काम माझं, गुंफायचं काम तिचं. पोतं अंथरून बसायची, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि सुरू. हात चालायचे तसं तोंडही चालायचं. गिऱ्हाईक म्हणालं, "हार लहान वाटते बाई," की ती मान वर न करता म्हणायची, "देवाची मान मोठी असन तर दोन घेऊन जा." लोक चिडायचे, पण पुन्हा तिच्याकडेच यायचे. माझ्याकडून कोणी हार घेत नाही तसा. मी गुंफलेला हार घरी पोचेपर्यंत ढिला होतो. गिऱ्हाईक आता ओळखीचं म्हणून घेतं, हे मला कळतं.

तिची एक रीत होती. उरलेलं फूल घरी न्यायचं नाही. त्याच्यावर दिवसभर गिऱ्हाइकाची नजर पडलेली असते, ते आपल्या घरच्या देवाला चालत नाही, असं ती म्हणायची. मग दुकान उचलताना उरलेली फुलं दरवाज्याच्या कोनाड्यात ठेवायची. कमानीच्या डाव्या अंगाला, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, दगडात कोरलेला हातभर कोनाडा आहे. जुन्या काळी पहारेकऱ्याची मशाल त्यात राहत असेल. देव नाही, मूर्ती नाही, शेंदूरही नाही. फुलं ठेवली की तिथंच ती मातीचा एक दिवा लावायची.

मी एकदा विचारलं, "अठी देव नाई, काई नाई. दिवा कोणाले लावतं वं?"

"दरवाज्याले," ती म्हणाली. "दिवसभर सावली देते तो. तुमी देता काय?"

मी पोतं झटकून गुंडाळलं.

कमानीच्या दुसऱ्या अंगाला एक बांगड्यावाला बसतो. मुसलमान आहे, माझ्यापेक्षा थोडा लहान. त्याच्या बापाचीही गाडी तिथंच होती. दिवा त्यानं कधी लावला नाही, पण तेल सरलं असलं तर घरून बाटलीत आणून द्यायचा. "भाभी, सावलीत तो मैं भी बैठता," म्हणायचा. मग तिच्याशी हुज्जत घालायचा. बांगड्यांच्या भावावरून ती त्याच्याशी भांडायची, आणि फुलांच्या वासानं आपलं डोकं दुखते म्हणून तो तिच्याशी. सारा बाजार ऐकायचा.

मागच्या थंडीत ती आजारी पडली. सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी दुकान उचलून सरळ तिच्याकडे जायचो. मी खाटेजवळ पोचलो की ती दुसरं काही विचारायची नाही. म्हणायची, "दिवा लावला काय?"

"हाव, लावला."

मग चहा घ्यायची. नर्सबाई हसायची की आजीला औषधापेक्षा दिव्याची काळजी जास्त. शेवटच्या दिवशीही तिनं तेच विचारलं. मी हाव म्हणालो. खरंच लावला होता. त्या संध्याकाळी ती गेली.

त्यानंतरही मी रोज दुकान लावतो. पोट भरायला तेवढं लागत नाही, पण दिवस काढायला लागतं. संध्याकाळी उरलेलं कोनाड्यात ठेवायचं, दिवा लावायचा, घरी जायचं. कुलूप काढलं की मी दारातूनच म्हणायचो, "लावला." घरात कोणी नाही हे मला माहीत आहे. मी काही वेडा झालेलो नाही. पण साऱ्या दिवसात त्या घरात बोलला जाणारा तो एकच शब्द होता. पोरीनं टीव्ही घेऊन दिला आहे, तो मी लावत नाही. त्यातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत.

पोरगी अकोल्याला दिली आहे. उन्हाळ्यात ती मला घेऊन गेली. तिथं किल्ल्यावर लाइटचा खेळ ठेवला होता. साऱ्या गावाची गर्दी. आम्ही पण गेलो, पोरगी, जावई, दोन नाती आणि मी. मला वाटलं, लग्नाच्या मंडपासारख्या माळा लावल्या असतील. तसं नव्हतं. दूर मचाणावर मशीन ठेवलेली, तिच्यातून उजेड निघायचा आणि भिंतीवर पडला की भिंत हलायची. खरंच हलायची. एक एक दगड जागचा सुटून खाली पडायला लागला तेव्हा पुढचे लोक मागं सरले, मी पण सरलो. मग ते सारे दगड उडत उडत पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसले. बुरुजावरून घोडे धावले. तोफ उडाली. अंधारात मरून पडलेली भिंत, जिच्याकडे बसमधून उतरणारा माणूस मान वळवून पाहत नाही, ती उठून बसली.

मी डावीकडे वळून म्हणालो, "पाह्यलं काय वं?"

डावीकडे कोणी दुसरीच बाई होती, पदराआड तोंड दाबून हसली. पोरीनं ऐकलं. माझा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. सकाळी म्हणाली, "बाबा, आता इथंच राहा तुमी."

"फुलाइचं कोण पाहीन?"

"आता कोण घेते तुमची फुलं?"

खरं बोलली. तिच्या मायवर गेली आहे. मी पिशवी उचलली आणि स्टँडवर आलो. मूर्तिजापूर जाईपर्यंत खिडकीतून शेतं पाहत होतो आणि एकच विचार करत होतो, हे आपल्या दरवाज्यावर झालं तर. बांगड्यावाल्याला जाऊन सारं सांगितलं. त्याला वाटलं, बुढा वाढवून सांगून राहिला.

पावसाळा सरल्यावर ते खरंच आमच्या दरवाज्यावर आलं. ठेक्याची माणसं आली, रस्त्याच्या पलीकडे लोखंडी मचाण उभं केलं, मचाणापासून दरवाज्यापर्यंत कुंपण घालून त्याला फाटक बसवलं, भिंतीवर उगवलेली पिंपळाची रोपं काढली, भिंत धुतली. पांढऱ्या-काळ्या दगडाचा रंग आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसला. मशीन चालवायला एक पोरगी होती, नाशिककडची. पॅन्ट घातलेली, पायात बूट, दिवसभर उन्हात कॉम्प्युटर घेऊन बसायची. मला आजोबा म्हणायची. आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही, बाबा म्हणतात. पण गोड लागायचं. मी तिला रोज एक गजरा द्यायचो, ती तो मचाणाच्या दांडीला बांधायची.

पहिल्यांदा मशीन लावून पाहिली ती संध्याकाळ. साऱ्या दुकानांना बल्ब बंद करायला लावले. दरवाज्यावर मोठा पहारेकरी उमटला, नुसता छातीपासून वरचा, भाला घेऊन, मिशा एवढ्या. आणि त्याच्या तोंडाच्या जागी नेमका आमचा कोनाडा. कोनाड्यात माझा दिवा जळत होता.

बांगड्यावाला म्हणाला, "अरे भाऊ, शिपाई बिडी पीऊन राहिला."

सारा बाजार हसला. मशीनवाली पोरगीही हसली. मी पण हसलो, खोटं काय सांगू. पण मग ती खाली उतरून आली आणि म्हणाली, "आजोबा, हा दिवा खेळाच्या वेळी नको. अंधार पुरा पाहिजे. आणि इथून वायरी गेल्यात, वीज चालू असताना उघडी ज्योत ठेवायला परवानगीच नाही."

"मंग मी आधीच लावत जाईन," मी म्हणालो. "दिवस मावळला की."

"चालेल. खेळ सुरू व्हायच्या आधी विझवा म्हणजे झालं."

पोरगी चांगली, पण तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. लावलेला दिवा आपण फुंकत नाही. तेल सरलं की तो आपला आपण जातो. त्याला विझला असंही आमच्या घरात म्हणत नव्हते, शांत झाला म्हणायचे. माझ्या बायकोला दवाखान्यातून घरी आणून ठेवलं तिथं लावलेला दिवासुद्धा कोणी हातानं मालवला नाही. मी तिला म्हणालो, "तेवढं सोडून काईही सांग."

"मग खेळ संपल्यावर लावा."

"खेळ संपला की तुमी फाटक लावता. चौकीदार कोणाले आत सोडत नाई."

तिनं ठेक्याच्या लोकांना विचारून पाहिलं. फाटक उघडं ठेवणार नाहीत म्हणाले, मशीनची जोखीम आहे. ती दोन दिवस विचारात होती. मला वाईट वाटलं की आपल्यामुळे पोरीचं काम अडलं. मग एका दुपारी खूश होऊन आली. म्हणाली, "आजोबा, आज दिवा लावा. मी त्याचा व्हिडिओ काढते. मग रोज खेळाच्या शेवटी तुमचाच दिवा त्याच कोनाड्यात दिसेल. वाऱ्यानं जाणार नाही, तेल लागणार नाही. पहारेकऱ्याला मी थोडा बाजूला सरकवते."

मला पटलं. त्या वेळी खरंच पटलं. तिनं कॅमेरा तीन पायांवर ठेवला, मी वात वळली, तेल घातलं, दिवा लावला. तेल सरून तो शांत होईपर्यंत ती कॅमेऱ्याजवळ उभी राहिली.

बांगड्यावाल्यानं मला विचारलं, "भाऊ, तुमाले चालते हे?"

"चालते."

"मंग ठीक आहे," म्हणाला आणि काचेच्या बांगड्या कपड्यानं पुसत बसला.

पहिल्या खेळाला मोठी गर्दी होती. भाषणं झाली. मग बाजार अंधारात गेला आणि दरवाजा उजळला. काय सांगू, अकोल्याहून भारी. जिथं आता नुसती रिकामी कमान आहे तिथं लाकडी दरवाजे उगवले, खिळे ठोकलेले, आणि करकर आवाज करत उघडले. आतून हत्ती आला. कापसाच्या गाड्या आल्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज भोंग्यातून येत होता. भोंग्यातला माणूस पुस्तकातल्या मराठीत सांगत होता की हा परकोट कोणी बांधला, कशासाठी बांधला. मी तिथं जन्म काढला, मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला पण आमचं काही माहीत नव्हतं.

शेवटी सारं काळं झालं. मग डाव्या अंगाला, कोनाड्यात, एक ज्योत उमटली. माझ्या पुढच्या एका म्हातारीनं हात जोडले.

माझाच दिवा होता. मी ओळखला. माझी वात वाकडी होते, तिची सरळ असायची.

तेवढ्यात वारा सुटला. रस्त्यावरची धूळ उडाली, लोकांनी डोळे मिटले. आणि मी, कशाला ते मला आजही सांगता येत नाही, गर्दीपुढं बांधलेल्या दोरीखालून वाकून पुढं गेलो आणि कोनाड्यासमोर उभा राहून ज्योतीला तळहाताचा आडोसा केला. इतकी वर्षं ती वात पेटवायची आणि मी वारा अडवायचो. हातानंच केलं ते, डोक्यानं नाही.

ज्योत माझ्या हाताच्या पाठीवर आली. तिथं जळायला लागली. शिरांवर, सुरकुत्यांवर, जराही चटका लागत नव्हता. आडोशाच्या आत, कोनाड्यात, जिथं दिवा असायला पाहिजे तिथं माझ्या हाताचीच सावली. मी हात काढला तर ती पुन्हा दगडावर गेली. वारा जोरात होता आणि ती वेगळ्याच वाऱ्यानं हलत होती, व्हिडिओ काढला त्या दिवशीच्या.

भोंग्यातून कोणी म्हणालं, "बाबा, बाजूले व्हा."

लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. बांगड्यावाल्यानं येऊन माझी कोपर धरली. "चला भाऊ," एवढंच म्हणाला.

घरी आलो. कुलूप काढलं. तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. लावला म्हणू काय? मी लावला नव्हता. माझा होता, पण मागच्या आठवड्यातला. नाही लावला म्हणू काय? साऱ्या गावानं पाहिला होता. मी कुलूप हातात घेऊन उंबरठ्यात उभा राहिलो. बायकोशी मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, बाजारभावाचं, बिडीचं, पण याबाबतीत कधी नाही. दवाखान्यात एक दिवस दुकान उचलायला उशीर झाला होता तरी धावत जाऊन लावला होता आणि मगच तिच्याकडे गेलो होतो. म्हणून मी काहीच बोललो नाही. आत गेलो, भाकर खाल्ली, पडलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्या आठवड्यात खेळ रोज होता. लोक लांबून येत होते, धामणगावहून, अकोटहून, आणि दिव्याचे मोबाइलमध्ये फोटो काढत होते. माझा एक शब्द होता, तोही गेला. अकोल्याहून पोरीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज काहून बसला? सर्दी झाली काय?"

"नाई. बोललो नाई म्हणून असन."

मग म्हणाली, "घ्यायले येऊ काय?"

"नको."

त्या दिवशी दुपारी मी मचाणाजवळ गेलो. मशीनवाली पोरगी डबा खात होती. मी म्हणालो, "पोरी, माझा दिवा काढून टाक त्यातून."

तिला वाटलं मी मस्करी करतो आहे. "आजोबा, लोकांना तोच भाग सगळ्यात आवडतो."

"आवडते, मले माहीत आहे. चांगला केला तू. पण तो जळत नाई."

"म्हणजे?"

"तेल लागत नाई, वारा लागत नाई. मी लावत नाई त्याले, तो लागते. घरी जाऊन मी काय सांगू?"

"घरी कोणाला सांगायचं असतं?"

मग मी तिला सांगितलं. दवाखान्यातलं, कुलपाचं, सारं. एवढं मी माझ्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. ती हातात पोळीचा तुकडा घेऊन ऐकत राहिली. मग विचारलं, "आजी कशा होत्या?"

"भांडखोर होती."

ती हसली आणि तिचे डोळे भरले. मी दुसरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मग त्या जागी काय दाखवू? फुलं दाखवू? त्यांचा फोटो असेल तर..."

"काई नको दाखवू. तठी उजेडच पडू देऊ नको. बाकीच्या भिंतीवर घोडे नाचव, हत्ती नाचव. तेवढा कोनाडा सोड."

"काळा चौकोन दिसेल, आजोबा. मशीन बिघडल्यासारखं वाटेल. मला वरून विचारतील."

"विचारले तर सांगजो, बुढ्यानं भांडण केलं."

तिनं डबा बाजूला ठेवला, कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर आमचा दरवाजा होता, सारा रेघांनी भरलेला. तिनं कोनाड्याभोवती बोटानं चार रेघा ओढल्या आणि आतली जागा काळी केली. इतकं सोपं होतं. "झालं," म्हणाली. "आता या चौकोनात काहीच जाणार नाही." मग कॉम्प्युटर मिटत म्हणाली, "सोमवारी खेळ बंद असतो. वायरींना वीज नसते. फाटकही उघडंच राहतं. सोमवारी तुम्ही काय केलं ते मला दिसणार नाही."

त्या संध्याकाळी मी गर्दीत मागं उभा राहिलो. लाकडी दरवाजे उघडले, हत्ती आला, गाड्या आल्या. हत्तीच्या पायापासून आकाशापर्यंत सारी भिंत उजेडानं भरली होती आणि डाव्या अंगाला हातभर जागा काळी होती. हत्ती तिच्यावरून गेला तर तेवढ्यापुरता हत्तीही नव्हता.

माझ्या बाजूची बाई नवऱ्याला म्हणाली, "तठी काळं काहून राह्यलं? बिघडलं वाटते."

बांगड्यावाला पुढं होता, त्यानं मागं वळून सांगितलं, "बिघडलं नाई ताई. ती जागा दिलेली आहे."

"कोणाले?"

"एका बाईले. लय भाव करायची."

बाईला काही कळलं नाही. तिनं पोराला खांद्यावर घेतलं आणि पुन्हा हत्ती पाहायला लागली.

शेवटचा दिवा आला नाही. काळं झालं आणि खेळ संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोड्या कमी वाजवल्या असतील. मी घरी आलो. कुलूप काढलं. दारातच म्हणालो, "आज नाई लावला."

आवाज फाटका निघाला. घसा खाकरून पुन्हा म्हणालो. आणि मग मला कळलं की एवढ्यावर ती सोडणार नाही. लावला म्हटलं की तिचं समाधान व्हायचं, नाही म्हटलं की ती विचारणार, काहून? म्हणून मी कुकर चुलीवर ठेवला आणि सांगायला लागलो. मशीन कशी असते ते सांगितलं. ती नाशिकची पोरगी गजरा कुठं बांधते ते सांगितलं. शिपायाच्या बिडीचं सांगितलं, ते दोनदा. अकोल्याच्या भिंतीतून दगड कसे पडले आणि पुन्हा कसे बसले ते मी तिला अजून सांगितलंच नव्हतं, तेही सांगितलं. सोमवारी लावीन म्हणालो.

बोलण्याच्या नादात कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत. वास आला तेव्हा उठलो. खिचडी खाली लागली होती. वरची काढून खाल्ली.